कोल्हापुरातील पेटीवादन

‘पेटी’ किंवा ‘बाजाची पेटी’ या नावाने महाराष्ट्रात रूढ झालेले हार्मोनियम हे मूळचे पाश्चात्त्य बनावटीचे सुषिर वाद्य होय. कोल्हापूर परिसरातील मैफल, रंगभूमी, भजन व चित्रपट या चारही क्षेत्रांत विसाव्या शतकात त्याला मानाचे स्थान मिळाले. शास्त्रज्ञांनी सदोष ठरविलेले आणि लोकांनी मात्र आपलेसे केलेले वाद्य, असे त्याच्या इतिहासाचे थोडक्यात स्वरूप आहे. या दोन निर्णयांतील विसंगतीचा उलगडा करण्यास कोल्हापूरचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

धातूची एक टोक मोकळे असलेली पातळ पट्टी हवेच्या झोताने कंप पावते व स्वर निर्माण होतो, हे या वाद्याचे मूलतत्त्व होय. ते चीनमधील शंग या प्राचीन वाद्यात आढळते. पॅरिस येथील आलेक्सांद्र दबँ याने १८४० च्या सुमारास या तत्त्वावर आधारलेल्या आपल्या वाद्यास हार्मोनियम हे नाव दिले. यूरोपीय हार्मोनियमचा भाता पायाने चालविला जाई व वादक खुर्चीवर बसे. भारतीय बैठकीला ही रचना सोयीची नव्हती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने भाता चालविण्याच्या सुटसुटीत पेटीचा प्रसार केला. एका हाताने भाता व दुसऱ्या हाताने पट्ट्या, अशी वादनपद्धती त्यामुळे रूढ झाली. पेटीतील स्वरांच्या संचांना कारागिरांच्या भाषेत खर्ज, नर व मादी अशी नावे आहेत. तिचा आवाज प्रामुख्याने या संचांच्या जुळणीवर आणि पट्टीच्या घासकामावर अवलंबून असतो.

कोल्हापूरपासून सु. ५० किमी. अंतरावरील मिरज हे तंबोरे व सतारी घडविणाऱ्या कारागिरांचे गाव आहे. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले. म्हणजेच या भागात उत्तम तंतुवाद्यांची उणीव नव्हती. तरीही घरोघरी पोहोचले ते परदेशातून आलेले वाद्य. याची कारणे मुख्यतः व्यावहारिक व सामाजिक आहेत. सारंगीवर हात बसण्यास वर्षानुवर्षांची तालीम लागते. पेटीवर मात्र स्वर आधीच जुळविलेला असतो व नवख्यासही तो तत्काळ सापडतो. पावसाळी हवेत तारा व कातडे उतरतात, त्या मानाने पेटीचा स्वर कमी ढळतो. तिचा आवाज मोकळ्या पटांगणातही पोहोचतो. शिवाय सारंगीचा संबंध कलावंतिणींच्या नाचगाण्याशी जोडला गेल्यामुळे ती घरात आणण्यास मध्यमवर्गीय कुटुंबे कचरत. नव्या पेटीला असा कोणताच पूर्वेतिहास चिकटलेला नव्हता. घरातील मुलींना गाणे शिकविण्यास तिचा आधार घेता आला, ही गोष्ट सामाजिक दृष्ट्या लहान नव्हे. दुसऱ्या बाजूस, या सोयीची किंमत सारंगियांच्या घराण्यांना मोजावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूर हे संगीताचे मोठे केंद्र बनले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे दरबारगायक म्हणून दीर्घकाळ येथे राहिले. गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थेमुळे दरबाराबाहेरच्या रसिकांनाही उत्तम गाणे ऐकावयास मिळू लागले. शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरमुळे संगीत नाटकांस हक्काचे रंगमंदिर लाभले. पुढे कोल्हापूरचे गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव त्यास देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत या वास्तूची मोठी हानी झाली.

या वातावरणात गोविंद सदाशिव टेंबे (१८८१–१९५५) यांची कला फुलली. पेटीचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. श्रवण, मनन व अखंड मेहनत यांच्या बळावर त्यांनी हे वाद्य आत्मसात केले. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या गायनाची साथ करताना ख्यालगायकीचे मर्म त्यांना उमगले, तर अल्लादियाखाँच्या गायकीचा त्यांच्या संगीतविचारावर खोल परिणाम झाला. ठुमरीच्या अंगाने पेटी वाजविणारे ग्वाल्हेरचे भैय्या गणपतराव हे या वाद्याचे आणखी एक थोर वादक. तथापि महाराष्ट्रात पेटीला साथीच्या वाद्यापलीकडे स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने टेंबे यांच्याकडे जाते. अखंड मींड हा पेटीच्या रचनेतच नसलेला गुण होय. त्याची भरपाई कणस्वर, भात्यावरील दाबाचे सूक्ष्म नियंत्रण आणि एका पट्टीवरून दुसरीवर जाण्यातील हलकेपणा यांनी करावी लागते. चांगला वादक या साधनांनी मानवी कंठाचा भास निर्माण करतो व पेटीचा दोष श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही.

टेंबे यांनी १९११ सालच्या संगीत मानापमान नाटकातील पदांना चाली दिल्या. ठुमरी, दादरा, गझल अशा उत्तरेकडील गानप्रकारांचा रंग त्यांतून मराठी नाट्यसंगीतात आला. गंधर्व नाटक मंडळीच्या स्थापनेत (१९१३) बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांचा वाटा होता. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटाचे संगीत त्यांचेच असून त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनी केली. अशा रीतीने मैफलीतील पेटीचा संस्कार रंगभूमीवर व तेथून रुपेरी पडद्यावर पोहोचला.

पेटीवरील मुख्य आक्षेप तिच्या स्वरजुळणीविषयी आहे. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्जाची कंपनसंख्या दर सेकंदास २४० मानल्यास तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गांधार ३०० कंपनांचा असतो. पेटीवरील गांधार मात्र सु. ३०२·४ कंपनांचा, म्हणजे चढा असतो. पंचमाच्या बाबतीत ३६० व सु. ३५९·६ इतकाच किरकोळ फरक पडतो. म्हणून तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला पेटीचा पंचम रुचतो व गांधार खटकतो. हा दोष दूर करण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न याच परिसरातून झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारा ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला आणि न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुती-हार्मोनियम सिद्ध केली. लंडनच्या एच. कीथ मूर यांनी ती घडविली. बडोदे येथे १९१६ साली भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींचा प्रश्न चर्चिला गेला; परंतु सर्वमान्य निर्णय झाला नाही व हे वाद्यही प्रचारात आले नाही. अधिक शुद्ध परंतु वाजविण्यास अवघड अशा पेटीपेक्षा लोकांनी किंचित सदोष परंतु सुगम पेटीच पसंत केली.

पुढे या मतभेदाला शासकीय रूप आले. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने (त्या वेळची ऑल इंडिया रेडिओ) आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बहिष्कृत केली. रवींद्रनाथ ठाकुरांसारख्या श्रेष्ठ कलावंताचाही या वाद्याला विरोध होता. ही बंदी १९७० नंतरच्या काळात अंशतः शिथिल झाली. टेंबे यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे या बंदीच्या काळात गेली. ज्या वाद्याने त्यांना कीर्ती दिली, त्याला नभोवाणीचे दार बंद होते. मात्र मैफलीत, नाट्यगृहात व देवळात ते वाजतच राहिले. बंदी ध्वनिक्षेपणापुरती होती, लोकांच्या आवडीवर तिचा परिणाम झाला नाही.

या आवडीचे सर्वांत स्पष्ट दर्शन भजनी मंडळांत घडते. टाळ, मृदंग व वीणा ही वारकरी भजनाची जुनी वाद्ये; पेटीची भर त्यांत नंतर पडली. शेतातील काम आटोपून रात्री देवळात जमणाऱ्या मंडळींपैकी प्रत्येकाचा गळा तयार नसतो. पेटीचा भरदार षड्ज अशा सर्वांना एका स्वरात बांधून ठेवतो. चुकणाऱ्याला सावरतो व गाणाऱ्याला मध्येच दम घेण्याची उसंत देतो. केवळ कंपनसंख्येच्या गणितात हा गुण दिसत नाही. पेटीच्या लोकप्रियतेचे रहस्य स्वराच्या अचूकतेपेक्षा या सोबतीत अधिक आहे. श्रुतींच्या दृष्टीने तिच्यावर घेतलेला आक्षेप आजही खरा आहे, आणि तिने असंख्य सामान्य माणसांना गाते केले, हेही तितकेच खरे आहे.