सोयाबीन : वर्ध्याची पंगत, कुन्नूरची प्रयोगशाळा

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला नया नगर ही दाट वस्ती आहे. तिथल्या वाण्याच्या दुकानात सोयाबीनच्या वड्या सहज मिळतात. कुणी त्यांचा रस्सा करते, कुणी खिम्यासारख्या परतते, कुणी बिर्याणीत घालते. मांस आणि दूध रोज परवडत नाही अशा घरांना या वड्यांचा आधार वाटतो. पण मुले वर्गात विचारतात, 'सोयाबीन दुधाइतके चांगले का?' 'त्याने अपाय होतो असे म्हणतात, ते खरे का?' उत्तर शोधायचे तर आपल्याला सुमारे नव्वद वर्षे मागे, वर्ध्याला जावे लागेल.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे काम वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत सुरू झाले. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. १९३५ मध्ये गांधीजी तिथे राहत होते. खेड्यातल्या गरिबाला स्वस्तात पुरेसे पोषण कसे मिळेल, हा त्यांच्यापुढचा सवाल होता. हातसडीचा तांदूळ, गूळ, कच्च्या पालेभाज्या यांच्याबरोबर सामाईक स्वयंपाकघरात सोयाबीनचाही प्रयोग झाला आणि 'हरिजन' साप्ताहिकातून त्याची माहिती वाचकांना देण्यात आली. त्याच सुमारास बडोदे संस्थानही या पिकात लक्ष घालत होते. तेथील अधिकारी एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरील इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये निघाले.

या उत्साहाला आधार होता. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. तूर, हरभरा, मूग यांत प्रथिने साधारण २० ते २५ टक्के असतात. आकडे पाहिले तर निकाल लागलाच, असे कुणालाही वाटेल.

पण दाण्यात किती आहे आणि शरीराला किती मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेने शोधले. डब्ल्यू. आर. आयक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या भारतीय आहाराला साय काढलेल्या दुधाची आणि सोयाबीनची जोड देऊन पाहिली. १९३७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दुधाने मुलांची वाढ सुधारली, सोयाबीनने तशी सुधारली नाही. दुधातून प्रथिनांबरोबर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वेही मिळतात, हे इथे लक्षात घ्यावे. पुढे १९४६ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या सोयाबीन उपसमितीनेही, आपल्या डाळींपेक्षा सोयाबीन सरस ठरत नाही, असाच अहवाल दिला.

मग ४० टक्के प्रथिने गेली कुठे? एक धागा अमेरिकेत सापडला होता. १९१७ मध्ये ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी दाखवले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. १९४५ मध्ये मोझेस कुनित्झ यांनी सोयाबीनमधून एक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचे काम तो अडवतो. पुरेशा ओल्या उष्णतेने त्याचा बराचसा भाग निकामी होतो. म्हणजे दाण्याचा गुण चुलीवरही ठरतो. चीन-जपानने सोयाबीन डाळीसारखे वापरण्यापेक्षा त्याचे दूध, टोफू आणि आंबवलेले पदार्थ केले, यातले शहाणपण इथे कळते.

भारतात हे पीक खऱ्या अर्थाने रुजले ते १९६० च्या दशकानंतर. पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या दाण्याच्या जाती आणल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस' मालिकेतील जाती दिल्या. आज मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही आघाडीची राज्ये आहेत. पण विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक दाणा तेलासाठी गाळला जातो आणि पेंडीचा मोठा भाग पशुखाद्यात जातो. गरिबाच्या ताटासाठी निघालेला विचार असा वळसा घेऊन गेला. तेल काढलेल्या पिठाच्या वड्या, एवढाच त्याचा अंश ताटात परत आला.

आता अपायाविषयी. अमेरिकेत १९५९-६० च्या सुमारास सोयाबीनच्या दुधावर वाढवलेल्या काही तान्ह्या मुलांना गलगंड झाला. त्या दुधात आयोडीन घालू लागल्यावर हा त्रास जवळजवळ थांबला. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती सोयाबीनबरोबर घेऊ नये, कारण तिचे शोषण कमी होऊ शकते. सोयाबीनमधील आयसोफ्लेवोन ही द्रव्ये इस्ट्रोजेनशी थोडे साम्य दाखवतात, म्हणून मुलगे धास्तावतात. परंतु २०१० आणि २०२१ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम आढळला नाही. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी ते टाळावेच.

अवाजवी स्तुतीचेही तसेच. रोज २५ ग्रॅम सोया-प्रथिनांनी हृदयविकाराचा धोका घटू शकतो, असे पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली. पुरावा पुरेसा एकसारखा नाही, म्हणून २०१७ मध्ये त्याच प्रशासनाने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. कोलेस्टेरॉल थोडे उतरते, एवढे म्हणता येते.

वर्गात एक प्रयोग करून पाहू. पांढरा कागद हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवा. कच्च्या सोयाबीनचे पीठ चमचाभर युरिया विरघळवलेल्या पाण्यात कालवा आणि अर्ध्या तासाने कागद त्यात बुडवा. तो लालसर होईल. सोयाबीनमधील युरिएज हे विकर युरियापासून अमोनिया तयार करते, त्याचा हा परिणाम. आता चांगले शिजवून वाटलेले सोयाबीन घ्या. कागद पिवळाच राहील. युरिएज आणि तो ट्रिप्सिन-निरोधक साधारण सारख्याच उष्णतेने निकामी होतात, म्हणून कारखान्यांतही याच तत्त्वावर परीक्षा घेतात. मिश्रण चाखू नये, हात धुवावेत.

नया नगरातल्या त्या प्रश्नाचे उत्तर मग असे देऊ : नीट शिजवलेले सोयाबीन उत्तम, स्वस्त प्रथिन आहे. पण नुसत्या वडीने दुधाची सगळी जागा भरत नाही. पालेभाजी, नाचणी, डाळ ताटात राहायलाच हवी.