टाऊन हॉलच्या पायऱ्या

भिवंडीच्या शाळेतील मुलांस घेऊन आम्ही एकदा मुंबईचा कोट पाहावयास गेलो होतो. टाऊन हॉलच्या तीस पायऱ्यांपाशी एक विद्यार्थी थबकला व म्हणाला, “गुरुजी, आपल्याला वर जाऊ देतील का?” त्या प्रश्नाने आम्हांस या वास्तूचा इतिहास पाहावयास लाविले.

सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ साली स्थापिलेल्या विद्वत्सभेस व शहरास एक सभागृह हवे होते. सोडत काढून पैसा उभारण्यात आला. तो अपुरा पडला व कंपनी सरकारास भर घालावी लागली. १८२१ साली सुरू झालेले काम १८३३ साली पुरे झाले. कर्नल टॉमस काउपर यांनी ग्रीक देवालयांच्या धर्तीवर आराखडा केला. डोरिक पद्धतीचे भव्य खांब, माथ्यावर नक्षी नाही. सारा डौल प्रमाणबद्धतेचा. खिडक्यांना मात्र लाकडी झिलमिळी आहेत. कारण ग्रीसचे हवामान निराळे, मुंबईचा पाऊस निराळा.

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ कायद्याने अस्तित्वात आले, तेव्हा त्यास स्वतःची वास्तू नव्हती. त्याची कचेरी याच टाऊन हॉलात थाटण्यात आली. १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. तीत उत्तीर्ण झालेले महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली पहिल्या पदवीधरांत गणले गेले. गिल्बर्ट स्कॉट यांच्या गॉथिक आराखड्याबरहुकूम पदवीदान-सभागृह तयार झाले ते १८७४ साली. म्हणजे सतरा वर्षे विद्यापीठाने उसन्या छपराखाली काढली; परंतु परीक्षा थांबल्या नाहीत.

आपल्या समाजाचे सभागृह लग्नसराई सरली की कुलूपबंद असते. अभ्यासिकेचा विषय निघाला की, “आधी स्वतंत्र इमारत होऊ द्या,” असे उत्तर मिळते. यंत्रमागांच्या खडखडाटात, एका खोलीच्या बिऱ्हाडात दहावीचा अभ्यास करणारी आपली मुले तोवर कशी थांबणार? आम्ही स्वतः जुन्या मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. ती खंत पुढील पिढीच्या वाट्यास येऊ नये. ज्ञातिबांधवांनी सभागृहाची किल्ली सायंकाळी मुलांच्या हाती द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.

त्या दिवशी त्या मुलाचा हात धरून आम्ही पायऱ्या चढलो. आम्हांस कोणीही अडविले नाही.