झडप नसलेले इंजिन

दुसऱ्या महायुद्धात डिझेलवर चालणारी विमान-इंजिने मनावर घेऊन बांधली ती मुख्यतः दोन देशांनी, जर्मनीने आणि सोव्हिएत रशियाने. त्यांपैकी डेसाऊ शहरातल्या युंकर्स कारखान्याचे ‘युमो २०५’ आणि त्याचे धाकटे भावंड ‘युमो २०७’ हीच जोडी खऱ्या अर्थाने मार्गी लागली. तरीही विमानविद्येच्या इतिहासात त्यांची बोळवण बहुधा एका वाक्यात होते: डिझेल इंजिने जड होती, म्हणून मागे पडली. हे वाक्य मला पटत नाही. वजनाचा हिशेब मांडला तर तो लांब पल्ल्यावर डिझेलच्या बाजूने झुकतो. या इंजिनाचे दुखणे निराळे होते. त्याचे कूळ एकाच चालीने तासन्‌तास चालणाऱ्या यंत्रांचे होते आणि युद्धाने त्याच्याकडे नेमकी उलट मागणी केली. म्हणून त्याची कथा लढाऊ विमानांपासून सुरू करण्यात अर्थ नाही. ती गॅसच्या कारखान्यापासून सुरू करावी लागते.

ह्यूगो युंकर्स १८८८ मध्ये डेसाऊच्या ‘कॉन्टिनेंटल गॅस’ कंपनीत आले तेव्हा विमान नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. कंपनीचा धंदा शहरांना दिव्याचा गॅस पुरवण्याचा. विजेचा दिवा दारात येऊन ठेपला होता, तेव्हा गॅसला दुसरे काम शोधणे भाग होते, आणि ते काम म्हणजे मोठी गॅस-इंजिने. विल्हेल्म ओशेलहॉयझर यांच्या जोडीने युंकर्स यांनी एकाच सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन बसवले. मध्ये स्फोट, दोन्ही बाजूंना धक्का. सिलिंडरला माथा नाही, त्यामुळे माथ्यातून वाया जाणारी उष्णता नाही आणि माथ्यातल्या झडपाही नाहीत. गॅसची उष्णता अचूक मोजता यावी म्हणून युंकर्स यांनी उष्मामापक तयार केला, आणि त्याच तत्त्वावर न्हाणीघरातला गॅसचा बंब. पुढची कितीतरी वर्षे त्यांच्या संशोधनाचा खर्च या बंबाने उचलला; १९३२ मध्ये पैशाची चणचण भासली तेव्हा बंबाचाच धंदा बॉश कंपनीला विकावा लागला. सांगायचा मुद्दा इतकाच की, या घराण्यात प्रत्येक गोष्ट उष्णतेच्या काटकसरीतून जन्मली. ताकदीची हाव तिथे नंतर आली.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला यशस्वी झाले होते. ठिणगी नाही, हवाच इतकी दाबायची की ती तापते आणि फवारलेले तेल आपोआप पेट घेते. युंकर्स यांनी ही कल्पना आपल्या समोरासमोरच्या पिस्टनांना जोडली आणि १९०७ पासून पेटंटे घेत ती जहाजांपर्यंत नेली. विमानावर ती पोचायला १९२९ साल उजाडले. त्या वर्षी युंकर्सच्याच विमानाच्या नाकावर बसून पुढे ‘युमो २०४’ म्हणून ओळखले गेलेले इंजिन उडाले. (अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९२८ मध्येच डिझेलवर विमान उडवून दाखवले होते, १९३१ मध्ये त्याच इंजिनाच्या एका विमानाने वाटेत इंधन न भरता साडेचौऱ्याऐंशी तास हवेत काढले. मागणी आटली आणि ती शाखा तिथेच खुंटली.) युमो २०४ ची आटोपशीर आवृत्ती म्हणजे २०५. सहा उभे सिलिंडर, बारा पिस्टन, १६.६ लिटरचे आकारमान. वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक, आणि दोन्हींची ताकद दातेरी चाकांच्या साखळीतून पंख्याकडे. एका टोकाचा पिस्टन सरकला की धूर जाण्याची छिद्रे उघडी पडत, दुसऱ्या टोकाचा सरकला की ताज्या हवेची. धुराकडचा क्रँकशाफ्ट काही अंश पुढे ठेवलेला, म्हणजे जळका वायू आधी निघून जाई आणि मग हवा आत कोंडली जाई. ही हवा आत ढकलायला पंपपंखा लागे, कारण दोन धावांच्या (टू-स्ट्रोक) या इंजिनाला स्वतः श्वास घेता येत नाही. पुढच्या भानगडींचे मूळ या एका गोष्टीत बरेचसे आहे.

आता वजनाचा आक्षेप. तो निराधार नाही. डिझेलच्या पहिल्या पिढीने तो कमावलेला आहे. ब्रिटनचे आर-१०१ हे हवाई जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये हिंदुस्थानकडे निघाले, ते कराचीला उतरायचे होते आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. उष्ण प्रदेशात पेट्रोलची वाफ धोक्याची म्हणून त्यावर डिझेल इंजिने बसवली, तीही रेल्वेसाठी आखलेल्या इंजिनांवरून बेतलेली. एकेक दोन टनांच्या वर, ताकद सहाशे अश्वशक्तीच्या आसपास. जहाज फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले आणि ती योजनाच संपली. पण पाच वर्षांच्या आत युमो २०५ तेवढीच ताकद सहाशे किलोंच्या आत देत होते. समान ताकदीच्या पेट्रोल इंजिनापेक्षा ते तरीही जडच, हे मान्य. मात्र विमानाला इंजिनासोबत इंधनही वाहावे लागते. युमोला अश्वशक्ती-तासाला १६० ते १७० ग्रॅम तेल पुरे. त्या काळचे चांगले पेट्रोल इंजिन २१० ते २३० ग्रॅम पिई. चारशे अश्वशक्तीने उडताना प्रत्येक इंजिनामागे तासाला वीसेक किलोंची बचत. पाच-सहा तासांत इंजिनाचे जादा वजन फिटते आणि त्यापुढे निव्वळ नफा. मार्च १९३८ मध्ये दोन युमो लावलेल्या डॉर्निअर १८ या उडत्या बोटीने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघून न थांबता ब्राझील गाठले: ८,३९१ किलोमीटर, ४३ तास. वरच्या ढोबळ दराने त्या प्रवासात दीड टनाच्या पुढे इंधन वाचले असेल. दोन इंजिनांच्या विमानाला ही बचत म्हणजे जाणे आणि न जाणे यांतला फरक आहे. लुफ्तान्साने अटलांटिकवरच्या टपालासाठी हे इंजिन निवडले ते हौसेने नव्हे.

मग युद्धात काय झाले? त्याचे उत्तर युद्धापूर्वीच स्पेनच्या यादवीत मिळाले होते. नाझी सरकारने १९३३ मध्ये युंकर्स यांच्याकडून पेटंटे आणि कंपनी हिसकावून घेतली. दोन वर्षांत ते वारले. कारखाना आता हवाई दलाचा झाला आणि प्रवासी म्हणून व बाँबफेकी म्हणून एकाच वेळी आखलेल्या यू ८६ विमानात युमो २०५ बसले. १९३७ च्या सुरुवातीला त्यांपैकी काही विमाने स्पेनमध्ये गेली आणि इंजिने कुरकुरू लागली. लढाईत वैमानिक इंजिनाला एका चालीने चालू देत नाही. थव्यात जागा राखायला क्षणोक्षणी कमी-जास्त, शत्रू दिसला की एकदम पूर्ण, खाली येताना एकदम बंद. समोरासमोरच्या पिस्टनांत धुराच्या छिद्रांवरचा पिस्टन सतत भाजत असतो. त्याला थंड होण्याची फुरसत दर फेरीला नसते. भार ठरावीक असेल तर ही उष्णता एका पातळीवर स्थिरावते आणि कड्या, पिस्टन टिकतात. भार वरखाली झाला की टिकत नाहीत. अशा इंजिनाला बाँबफेक्यावर बसवणे म्हणजे नांगराच्या बैलाला शंकरपटात उतरवणे. जर्मन हवाई दलाने यू ८६ च्या पुढच्या आवृत्त्यांवर बीएमडब्ल्यूची पेट्रोल इंजिने चढवली. ही माघार इंजिनाच्या वजनापायी झाली नाही, त्याच्या स्वभावापायी झाली.

दुसरा धक्का इंधनाकडून आला, आणि तो माझ्या मते स्पेनपेक्षाही निर्णायक होता. पेट्रोल इंजिनात हवा जास्त कोंडली की इंधन अवेळी भडकते आणि इंजिन ठोकू लागते. म्हणून त्याच्या ताकदीला कमाल मर्यादा असे. शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलने ही मर्यादा वर ढकलली. रोल्स-रॉइसचे मर्लिन त्याच २७ लिटरांत युद्धाच्या आरंभीच्या हजारेक अश्वशक्तीवरून सोळाशेच्या पुढे गेले. डिझेलला ठोकण्याची भीती नाही, पण म्हणूनच चांगल्या इंधनाचा असा फायदाही त्याला मिळाला नाही. युमोने २०५ पासून २०७ पर्यंत सहाशेवरून हजाराची मजल मारली. ही प्रगती कमी नव्हे. प्रतिस्पर्धी तेवढ्यात अधिक पुढे गेला होता, इतकेच.

यावर जाणकार एक उदाहरण पुढे करतील, आणि ते वजनदार आहे. १९४० पासून यू ८६ ची ‘पी’ आणि नंतरची ‘आर’ ही रूपे बारा किलोमीटरच्या वर उडून ब्रिटनची छायाचित्रे घेत होती. इंजिने युमो २०७, निकासाच्या वायूवर फिरणारा एक पंपपंखा आणि इंजिनावर फिरणारा दुसरा. दोन माणसांची हवाबंद खोली. वर्ष-दोन वर्षे त्यांना तिथे कोणी गाठू शकले नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये अशाच एका विमानाने टाकलेला एकटा बाँब ब्रिस्टलच्या बसगाड्यांच्या गर्दीत पडला. १२ सप्टेंबरला ब्रिटिश वैमानिक इमॅन्युएल गॅलिट्झिन यांनी हलके केलेले स्पिटफायर साउदॅम्प्टनवर सुमारे तेरा किलोमीटर उंचीवर नेले आणि तिथले यू ८६ जेमतेम निसटले. ब्रिटनवरच्या या फेऱ्या त्यानंतर थांबल्या. हे युद्धातले यश नव्हे काय? आहेच. पण ते यश कशाचे, हे पाहावे. चढून एका उंचीवर जायचे, तिथे एकाच वेगाने तासन्‌तास जायचे आणि परत यायचे. वळणे नाहीत, झटापट नाही. हे अटलांटिकच्या टपालाचेच काम, फक्त उभ्या दिशेने. शत्रू जवळ येताच ते संपले. आक्षेप इथे माझ्या म्हणण्याला बळच देतो.

समुद्रावरही तेच. नॉर्वेच्या किनाऱ्यावरून उत्तरेच्या ताफ्यांवर टेहळणी करणारी तीन इंजिनांची बीव्ही १३८ उडती बोट शेवटपर्यंत युमो २०५ वर राहिली. सहा इंजिनांच्या प्रचंड बीव्ही २२२ ला नंतर युमो २०७ लावली. पाणबुड्याही डिझेलवरच चालत, त्यामुळे भर समुद्रात पाणबुडीकडून तेल घेता येई. १९४३ च्या उन्हाळ्यात नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर बीव्ही १३८ विमाने पाणबुड्यांच्याच आधाराने तळ ठोकून होती. मग इंधनाची टंचाई असलेल्या जर्मनीने सगळीच विमाने डिझेलवर का नेली नाहीत, असा प्रश्न उरतो. कारण कोळशापासून इंधन काढणारे लॉयनासारखे मोठे कारखाने विमानाच्या पेट्रोलसाठीच उभारलेले होते, डिझेलवर पाणबुड्यांचा हक्क होता, आणि मेसरश्मिट लढाऊ विमानाच्या नाकात बसेल असे डिझेल इंजिन मुळात नव्हतेच.

सोव्हिएत कहाणी या घराण्याची नाही, तरी पुरावा म्हणून तीही घ्यावी लागते. अलेक्सेई चारोम्स्की यांचे बारा सिलिंडरांचे, ६१ लिटरांचे डिझेल चार धावांचे होते. १९३८ मध्ये त्यांना अटक झाली आणि त्याचे पुढचे काम तुरुंगातल्या आरेखन-कचेरीत चालले. ऑगस्ट १९४१ मध्ये वोदोप्यानोव यांच्या नेतृत्वाखाली टीबी-७ विमाने बर्लिनवर निघाली तेव्हा त्यांची डिझेल इंजिने उंचीवर बंद पडू लागली. खुद्द वोदोप्यानोव यांचे विमान परतीच्या वाटेवर एस्टोनियात उतरवावे लागले. त्या विमानांवर लगोलग पेट्रोल इंजिने आली. चारोम्स्की यांचे सुधारलेले, दीड हजार अश्वशक्तीचे इंजिन येर-२ वर रुळले, पण तेव्हा युद्ध सरत आले होते, आणि येर-२ ही लांब पल्ल्याचीच बाँबफेकी.

युद्धानंतर जेट आले आणि आकाशातली ही वाट बंद झाली. जमिनीवर आणि पाण्यावर मात्र समोरासमोरच्या पिस्टनांचा वंश वाढला. ब्रिटनच्या नेपिअर कंपनीने १९३० च्या दशकातच युमो २०४ चा परवाना घेतला होता. वेगवान नौकांसाठी तीन सिलिंडर-रांगा त्रिकोणात जोडून तिने ‘डेल्टिक’ इंजिन केले. तीन क्रँकशाफ्टांचा मेळ बसेना, तेव्हा आरमाराच्या प्रयोगशाळेतल्या हर्बर्ट पेनवॉर्डन यांनी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरवण्याची तोड काढली. हेच इंजिन १९६१ पासून वीस वर्षे लंडन-एडिनबराच्या जलद गाड्या ओढत होते: लांब पल्ला, एक चाल, ओळखीचे काम. सोव्हिएत संघात चारोम्स्की खारकीवला जाऊन पाच सिलिंडरांचे समोरासमोरच्या पिस्टनांचे इंजिन करू लागले, ते टी-६४ रणगाड्यासाठी. इथे माझा युक्तिवाद थोडा अडखळतो, कारण रणगाडा एका चालीने कधीच चालत नाही. निवड झाली ती जागेसाठी: आडवे निजवलेले हे इंजिन बुटक्या पेटीत मावते. पण किंमत तीच मोजावी लागली. पहिली अनेक वर्षे ते बेभरवशाचे ठरले, आणि पर्याय म्हणून निझ्नी तगीलच्या कारखान्याने जुन्या ‘व्ही’ आकाराच्या चार धावांच्या डिझेलवर टी-७२ उभा केला. पुढे तो आवडी इथल्या कारखान्यात भारतासाठी बनू लागला. खारकीवच्या इंजिनाची सहा सिलिंडरांची, हजार अश्वशक्तीची आवृत्ती १९९० च्या दशकात टी-८० यूडी रणगाड्यांतून पाकिस्तानने घेतली आणि तिची वाढवलेली आवृत्ती ‘अल-खालिद’मध्ये बसवली. डेसाऊच्या दिव्याच्या गॅसपासून निघालेले ते दोन पिस्टन आज पंजाबच्या सरहद्दीच्या पलीकडे आहेत, आणि त्यांना वैतागून निवडलेले इंजिन अलीकडे.