नवख्याच्या हातातली मुंबई

उमापुरातल्या आमच्या जुन्या घरात, माळवदाच्या खोलीत, चुलत्यांची पत्र्याची पेटी आहे. ते गेल्यानंतर वर्षभर ती कोणी उघडली नाही. मग एका पावसाळ्यात माळवद गळू लागले, पेटी हलवावी लागली आणि त्या निमित्ताने मी ती उघडली. आत गिरणीचा पास होता, दोन धोतरे होती, आणि एक लांबट वही. वहीच्या पहिल्या पानावर, पेन्सिल थुंकीत भिजवून लिहिले होते : मुंबईला येणाराने.

चुलते १९७२ च्या दुष्काळात मुंबईला गेले. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली आणि सातारा भागातली माणसे फार. त्यांच्या गावांच्या मिळून खोल्या असत, नवा माणूस सरळ तिथे जाई. आमच्या भागाची अशी खोली नव्हती. पहिल्या दिवशी चुलते चुकले, व्हीटीपर्यंत गेले आणि रात्र फलाटावर काढली. ती रात्र गावातल्या दुसऱ्या कोणाला काढावी लागू नये, म्हणून ही वही.

वहीत काय आहे? नगरपर्यंत एस.टी., नगरहून दौंडमार्गे रेल्वे. दादरला उतरायचे, पुढे जायचे नाही. पूर्वेच्या बाजूला बाहेर पडायचे, पश्चिमेला नाही. वाट विचारायची ती दुकानदाराला, रस्त्याने चालणाऱ्याला नाही. पैसे दोन ठिकाणी ठेवायचे. खाणावळवाल्या बाईचे पैसे पगाराच्या दिवशीच द्यायचे, एक दिवसही थांबायचे नाही. शेवटी गावच्या आणि आसपासच्या सात जणांचे पत्ते. चुलते सुटीवर आले की गावातली पोरे ही वही उतरवून नेत, हे मला आईने सांगितले.

मी बी-बियाण्यांचे दुकान चालवतो. इतिहासाचे शिक्षण कोणत्या महाविद्यालयात घेतलेले नाही. रात्री दुकान बंद केल्यावर वाचायचे, एवढीच माझी साधना. पुण्यात फुटपाथवर जुनी पुस्तके चाळताना गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ हाती लागले. न. र. फाटकांनी संपादित केलेली १९६१ ची आवृत्ती. मूळ पुस्तक १८६३ चे. मुंबईवरचे मराठीतले पहिले सविस्तर पुस्तक म्हणून अभ्यासक त्याचे नाव घेतात, आणि मुंबईचा इतिहास शोधण्यासाठी ते चाळतात. मी मात्र चुलत्यांची वही वाचून त्याच्याकडे गेलो होतो. त्यामुळे मला ते निराळे दिसले. पहिल्यांदा मुंबईला येणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचे पुस्तक, असे.

असे वाटण्याला कारणे आहेत. पहिले कारण लेखकाचे. गोविंद नारायण मुंबईचे नव्हेत. जन्म १८१५, घराणे गोव्याचे. नऊ वर्षांचे असताना, १८२४ साली, ते वडिलांबरोबर मुंबईत आले. पुढे मिशनच्या शाळेत शिक्षक झाले. शिक्षकी पेशाला शोभतील अशीच त्यांची इतर पुस्तके आहेत. ‘दारूपासून अनर्थ’, ‘ऋणनिषेधक बोध’, ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’, झाडांवरचे ‘वृक्षवर्णन’. दारू, कर्ज, आगगाडी आणि झाडे अशा रोजच्या गोष्टी लोकांना समजावून सांगणारा हा माणूस. मुंबईही त्यांनी तशीच समजावली आहे. बेटाची पूर्वीची स्थिती, देवळे, जातीजमाती, बंदरे, टांकसाळ, शाळा, इस्पितळे, छापखाने. नव्या माणसाला ज्या ज्या गोष्टींपुढे थबकायला होते, ती प्रत्येक गोष्ट.

दुसरे कारण सालाचे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत सगळे शिकतात. पण ठाण्याची गाडी देशावरच्या माणसाच्या फारशी उपयोगाची नव्हती. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ १८५८ साली आले, खालून खोपोलीपर्यंतही आले. मधला बोरघाट तेवढा राहिला. तो एप्रिल १८६३ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी घाट पालखीत, बैलगाडीत नाही तर पायी उतरावा लागे. ज्या वर्षी देशावरची वाट मुंबईला अखंड जोडली गेली, त्याच वर्षी हे पुस्तक निघाले. दोन्ही गोष्टी ठरवून झाल्या असे मी म्हणत नाही. पण त्या वर्षापासून बोरीबंदरला उतरणाऱ्या नवख्यांची संख्या वाढणार होती आणि त्यांच्यासाठी मराठीत पुस्तक तयार होते, एवढे खरे.

त्या नवख्याला कसली मुंबई दिसत होती? कोटाच्या भिंती पाडण्याचे काम सुरू होते. चर्चगेट, अपोलो गेट, बाजारगेट ही खरोखरीची दारे होती. दारे गेली, नावे राहिली. कोटाबाहेर मोकळे मैदान, त्यापलीकडे गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी अशी दाट वस्ती. सात बेटे बांध घालून जोडली गेली होती. कुलाब्याचा रस्ता १८३८ चा, माहीमचा १८४५ चा. ताडदेवला कापसाची गिरणी १८५६ पासून चालू होती. विहार तलावाचे नळाचे पाणी १८६० साली आले, त्याआधी शहराची भिस्त विहिरी आणि तलावांवर. आज धोबीतलावावर उतरणारा तलाव शोधू लागला तर लोक हसतील. सी. पी. टँकला टाके नाही, गवालिया टँकला तळे नाही. १८६३ च्या नवख्याला मात्र ही नावे म्हणजे पाण्याचे पत्ते होते. परक्या शहरात माणूस आधी पाणी विचारतो, मग देऊळ, मग काम.

इंग्रजांनीही मुंबईची वाटाडी पुस्तके काढली. लंडनच्या मरे प्रकाशनाचे ईस्टविककृत पुस्तक १८५९ चे आहे, पण त्यात मद्रास आणि मुंबई हे दोन्ही इलाखे येतात. मॅक्लीनचे ‘गाइड टू बॉम्बे’ १८७५ चे. ही पुस्तके पाहुण्यासाठी आहेत. पाहुणा शहर पाहून परत जातो, त्याचे घर दुसरीकडे असते. गोविंद नारायणांचा वाचक पोट घेऊन आला आहे. हा फरक लक्षात घेतला की त्यांनी धंदे, पेठा आणि लोकांच्या चालीरीती इतक्या बारकाईने का सांगितल्या ते उमगते.

पण हे पुस्तक आमच्यापर्यंत पोहोचण्यासारखे नव्हते. १८६३ साली उमापूर निजामाच्या राज्यात. शेजारचा शेवगाव तालुका इंग्रजी मुलखात. थोडे अंतर चालले की राज्य बदलायचे आणि नाणेही बदलायचे. इकडे हाली, तिकडे कलदार. इकडच्या दरबाराची भाषा आधी फारसी, पुढे उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाला मराठी छापील पुस्तक मिळणे अवघड आणि वाचता येणे त्याहून अवघड. नगरला रेल्वे १८७८ साली आली. आम्ही मुंबईच्या राज्यात गेलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणून आमच्या गावाला आपले ‘मुंबईचे वर्णन’ शंभर वर्षांनी, पेन्सिलीने, स्वतःच लिहावे लागले.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गोष्टीकडे येतो. १८६४ च्या फेब्रुवारीत मुंबईची पहिली पद्धतशीर शिरगणती झाली. आकडा निघाला ८,१६,५६२. अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाल्याने विलायतेला आपला कापूस हवा होता. मुंबईत पैसा आणि माणूस दोन्ही लोटले होते. एप्रिल १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलैपासून कंपन्या, पेढ्या धडाधड बुडाल्या. त्याच वर्षी गोविंद नारायण वारले. पुढची शिरगणती १८७२ ची. आकडा ६,४४,४०५. म्हणजे १,७२,१५७ माणसे कमी. पहिल्या मोजणीत तेजीमुळे आलेली तात्पुरती गर्दी होती हे धरले तरी प्रश्न उरतोच. ती माणसे गेली कुठे? बहुतेक आली त्या वाटेने परत गेली असणार. त्यांनी गावी जाऊन काय सांगितले असेल? शेअरबाजारात बुडालेल्या शेठांची नावे इतिहासात आहेत. या परतलेल्यांसाठी दोन आकड्यांमधली वजाबाकी आहे, तेवढीच.

मी पुन्हा चुलत्यांच्या वहीकडे वळलो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपाचे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. वहीतल्या सात पत्त्यांपैकी सहा काट मारलेले आहेत. प्रत्येक काटेच्या कडेला महिना लिहिला आहे. पहिला जून १९८२, शेवटचा पुढच्या वर्षीचा दिवाळीचा. नावावर रेघ नाही, फक्त पत्त्यावर आहे. सातवा पत्ता चुलत्यांचा स्वतःचा. तो त्यांनी खोडला नाही. पण १९८४ साली तेही परत आले आणि पुढची सगळी वर्षे गावात सालाने राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मुंबईविषयी कधी बोलले नाहीत. मी विचारले की म्हणत, गावठाणातला बोर बघून ये.

एकीकडे वजाबाकी, दुसरीकडे सहा काटा. शहराची वाट दाखवणारी पुस्तके लिहिली जातात, आणि ती लिहिणारे बहुधा स्वतः कधीतरी चुकलेले असतात, म्हणून ती चांगली उतरतात. परतीची वाट मात्र कोणी लिहीत नाही. ती लिहायला लाज वाटते. संशोधकांनीही गिरणगावाचा अभ्यास पुष्कळ केला, पण गिरणगावातून गावी आलेल्या माणसांच्या पेट्या फारशा उघडल्या गेल्या नाहीत. त्या मराठवाड्यात, कोकणात, साताऱ्याकडे माळवदांखाली आणि माळ्यांवर पडून आहेत. ज्यांना त्या पेट्यांतले अक्षर लागते अशी माणसेही आता थोडी उरली.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीड शहरात रेल्वे आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीतला एक पोरगा दुकानात आला. मुंबईला कामाला निघाला होता. वाट त्याला फोन दाखवणार, त्याबद्दल मला काही सांगायचे नव्हते. मी त्याला वहीची झेरॉक्स दिली. त्याने पाने उलटली आणि खोडलेल्या पत्त्यांवर बोट ठेवून विचारले, ही कुणाची? मी शटर अर्धे ओढले, त्याला बसायला स्टूल दिले आणि एकेक नाव सांगत गेलो. सहापैकी दोघे अजून गावात आहेत. जाण्याआधी त्यांना भेटून जा, एवढेच मी त्याला सांगितले. तो एकाला भेटला.