परभणीचा विद्यार्थी आणि त्याचा मनोभार

महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या मनावरील ताणाचा विचार करताना आपण बहुधा त्याच्या सवयींपाशीच थांबतो: झोप पुरेशी मिळते का, अभ्यासाला नियम आहे का, व्यायाम होतो की नाही. या गोष्टींचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांचा गेल्या शतकातील वृत्तांत पाहिला, म्हणजे असे दिसते की त्या ताणाचा फार मोठा भाग त्यांच्या स्वभावातून नव्हे, तर राज्यव्यवस्था, अंतर आणि दारिद्र्य यांनी त्यांच्या माथी लादलेल्या परिस्थितीतून उपजला होता, आणि त्याचा परिहारही एकेकट्याच्या मनोनिग्रहाने झाला नाही.

निजामाच्या अमदानीत अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या, कचेरीपासून मुन्सिफाच्या अदालतीपर्यंत या मराठीभाषक जिल्ह्याचा कारभार उर्दूत चाले, आणि माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच मुलाला गणित, भूगोल, इतिहास हे विषयही त्याच भाषेतून आत्मसात करावे लागत. 1918 मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी देशी भाषेतून द्यावे हा त्यामागील हेतू थोर होता, आणि तेथील दारुत्तर्जुमा या भाषांतर-संस्थेने विज्ञान व कायदा यांवरील ग्रंथ उर्दूत आणून तो शक्य कोटीतला आहे हे सिद्धही केले. मात्र ज्या तर्काने इंग्रजीचे ओझे अन्याय्य ठरले, तोच तर्क मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला लागू करण्याचे औदार्य दरबाराने दाखविले नाही. घरी मराठी, उत्तरपत्रिकेत उर्दू, आणि त्यावर सक्तीच्या विषयाची इंग्रजी, अशा तिहेरी ओझ्याखाली मॅट्रिकला बसणाऱ्या मुलाच्या मनाची तगमग ही त्याची दुर्बलता समजणे म्हणजे त्याच्यावर दुसरा अन्याय करणे होय.

मॅट्रिकनंतर जिल्ह्यात पुढची वाटच नव्हती. 1900 च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबाद-मनमाड लोहमार्गाने एकीकडे औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज गाठावे, नाहीतर दुसरीकडे हैदराबाद. आणि ज्यांना खर्च झेपत नसे त्यांनी नोकरी धरावी. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील सातोना येथे 1913 मध्ये जन्मलेले भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजेच कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ, मॅट्रिकनंतर घरच्या ओढगस्तीमुळे शिकू शकले नाहीत. बांधकाम खात्यातील कारकुनी पत्करून त्यांनी परभणीत आयुष्य काढले आणि 1953 मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कचेरीत काम करीत असतानाच त्यांचा अंत झाला. एवढ्या प्रतिभेच्या माणसाला महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडता आला नाही, याची खंत मला त्यांचे लेखन वाचताना प्रत्येक वेळी होते.

जे परगावी शिकू शकले त्यांच्यापैकी अनेकांचा निर्वाह वार लावून होत असे. आठवड्याच्या सात वारांना सात घरे ठरलेली असत. एखाद्या घरी सोयरसुतक आले की त्या दिवशी उपास घडे, आणि रोज परक्या पानावर बसण्याचा संकोच गिळावा लागे. तरीही त्या पंगतीत मुलाचा उतरलेला चेहरा पाहणारे कोणीतरी असे, ही मोठी गोष्ट होती. मात्र हे दार मुख्यतः ब्राह्मण मुलांनाच खुले होते; अस्पृश्य गणलेल्या विद्यार्थ्यासाठी ती वाट जन्मतःच बंद होती. मराठवाड्यातील त्या तरुणांना खरा आश्रय लाभला तो 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाने, म्हणजे पुढच्या मिलिंदने, आणि तेथील वसतिगृहांनी.

1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या कॉलेजात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती झुगारली, संप उस्मानियापर्यंत पसरला आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. वर्ष बुडण्याच्या भीतीने जी घरे हवालदिल झाली, त्यांना दिलासा मिळाला तो नागपूर विद्यापीठाकडून: कुलगुरू टी. जे. केदार यांनी अशा विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. भयभीत मनाला तेव्हा उपदेश नको होता, प्रवेश हवा होता.

स्वातंत्र्यानंतर अंतर घटले. परभणीत 1956 मध्ये कृषी महाविद्यालय निघाले, 1958 मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ, 1972 मध्ये परभणीतच कृषी विद्यापीठ, आणि 1994 मध्ये नांदेडचे विद्यापीठ. तरी ताण सरला नाही, त्याचे रूप पालटले: आता तो पावसाच्या लहरीवर, सोयाबीन-कापसाच्या भावावर आणि बापाच्या कर्जावर अवलंबून असतो. 2022 पासून 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य समुपदेशन मिळते, हे निःसंशय स्वागतार्ह आहे. त्याच्याच बरोबरीने मी दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांना दिल्या जाणाऱ्या परीक्षा-शुल्कमाफीला मानसिक आरोग्याचा उपाय मानतो. मात्र माफीचा हुकूम परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी महाविद्यालयाच्या फलकावर लागला पाहिजे, कारण सावकाराकडे हात पसरून शुल्क भरल्यावर महिन्यांनी परत आलेली रक्कम त्या मुलाच्या जागून काढलेल्या रात्री परत आणीत नाही.