बालाघाटाच्या माळावरची खर्पुडी

खर्पुडी ही मुरमाड माळावर काटेरी झुडपांच्या आधाराने चढणारी नाजूक वेल. शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा, कूळ रुईचे. जमिनीखाली चपटा, गोल कंद असतो आणि उन्हाळाभर सगळी वेल त्या कंदातच तग धरून राहते. पाऊस पडला की कोंब फुटतो आणि श्रावण-भाद्रपदात फुले येतात. फुलाची नळी तळाशी फुगीर, वर निमुळती. पाच पाकळ्यांची टोके माथ्यावर एकमेकांना जुळलेली. या आकारामुळेच साऱ्या प्रजातीला मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेले चिलट त्यांच्यामुळे अडकते. केस कोमेजले की परागपुंज अंगावर घेऊन सुटते. इतकी नेमकी परागणाची रचना या कोरड्या माळांवर क्वचितच दिसते.

फूल नसताना मात्र ओळख फसवी ठरते. एका वेलीची पाने रुंद व मांसल, तर दुसरीची गवताच्या पात्यासारखी अरुंद. रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात ही जाती नोंदवली. पुढे अरुंद पानांच्या वेलीला वेगळी जाती मानून दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक चार्ल्स लश यांचे नाव दिले गेले. जोसेफ हूकर यांनी नंतर ती खर्पुडीचाच एक प्रकार ठरवली.

बालाघाटावरच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातली खर्पुडी या अभ्यासापासून दूर राहिली, आणि त्याचे कारण राजकीय होते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ 1901 ते 1908 या काळात भागाभागाने निघाला. त्याची हद्द इलाख्याबरोबर संपत होती. बार्शी इलाख्यात, तर जवळचीच येडशी निजामाच्या राज्यात. माती, पाऊस, गवत सारखेच, पण नोंद एकीकडचीच. निजामाच्या मुलखासाठी पार्ट्रिज यांचा ग्रंथ 1911 मध्ये आला, पण तो वनांतल्या वनस्पतींचा होता. माळावरच्या, वर्षातले काही महिनेच दिसणाऱ्या वेलींची नोंद त्याच्याकडून अपेक्षितही नव्हती.

निजामाचे हैदराबाद संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले आणि 1958 मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा ग्रंथ 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा लातूर जिल्हा वेगळा झालेला नव्हता. तो 1982 मध्ये झाला. म्हणून या ग्रंथातले उस्मानाबाद आजच्या धाराशिवपेक्षा बरेच मोठे आहे, आणि जुनी नोंद वाचताना गावाचे नाव पाहिल्याशिवाय ती आजच्या धाराशिवची धरता येत नाही. नाईक यांनी पुढे सगळ्या मराठवाड्याचा ग्रंथ 1998 मध्ये दिला. ज्या मुलखाकडे शतकभर कोणी नीट पाहिले नव्हते, त्याला या कामाने वनस्पतींचा आधारग्रंथ मिळाला. त्याचे मोल फार मोठे आहे.

खर्पुडीच्या संवर्धनाचा प्रश्न याच इतिहासात अडकलेला आहे. एखादी जाती संकटात आहे का, हे ठरवताना ती पूर्वी कुठे आणि किती होती, हे माहीत असावे लागते. सह्याद्रीतली कित्येक कंदीलपुष्पे एखाद-दोन घाटांपुरतीच उरल्याने भारताच्या रेड डेटा बुकात गेली. खर्पुडी देशात दूरवर पसरलेली, म्हणून प्रदेशनिष्ठ जातींच्या यादीत ती बसत नाही. पण एखाद्या माळावरून ती गेली, तर ते नोंदवणारी यादी नसते. गुराखी कंद खणून खातात, औषधालाही तो काढतात. कंद गेला की वेल संपली. त्याहून मोठा धोका मुरमाच्या खाणींचा आणि ‘पडीक’ समजून माळावर खोदलेल्या चरांचा आहे. येडशी-रामलिंग घाटाला 1997 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पण क्षेत्र जेमतेम 22 चौरस किलोमीटर. बहुतेक माळ त्याच्या बाहेरच आहेत. तिथल्या वेलींसाठी 2002 च्या जैवविविधता कायद्याखालची गावाची लोकजैवविविधता नोंदवही हीच उपयोगाची जागा आहे. मात्र नोंद फुलाच्या दिवसांत, माळाच्या नावानिशी आणि दोन्ही प्रकारची पाने तपासून व्हायला हवी.