अनुभव आपल्याला फसवतो तेव्हा

अनुभवातून शहाणपण येतं, असं आपण सहज म्हणतो. त्यातली अडचण नेमकी दाखवली ती संख्याशास्त्राने, आणि त्या कामात मुंबईत शिकलेल्या दोघांचा मोठा वाटा आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातली. कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड यांनी विचारलं, नमुने किती तपासायचे हे आधीच का ठरवायचं? एकेक पाहत जावं, पुरावा पुरेसा झाला की थांबावं. या अनुक्रमी विश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक १९४७ साली आलं. मात्र इथे तपासनीस फक्त पाहतो. पाहता पाहता कृतीही करावी लागते, त्याचं काय?

आपल्या वाशीच्या फळबाजारातला खरेदीदार घ्या. समोर दोन गाळे. दुसऱ्या गाळ्यावरची पहिलीच पेटी नासकी निघाली, म्हणून हा पुन्हा तिकडे फिरकत नाही. पहिल्या गाळ्यावरचा माल ठीकठाक निघतो. वर्षाखेरीस वही म्हणते, निर्णय बरोबर होता. वही खोटं बोलत नाही. पण दुसऱ्या गाळ्याबद्दल तिच्यात एकच ओळ आहे!

हेच कोडं प्रवीण वरैया आणि विवेक बोरकर यांनी गणितात मांडलं. वरैया माटुंग्याच्या व्हीजेटीआयचे, बोरकर पवईच्या आयआयटीचे. दोघं भेटले बर्कलीत, गुरू-शिष्य म्हणून. प्रागच्या पेत्र मांडल यांनी १९७४ साली दाखवलं होतं की एक कडक अट पाळली, तर अंदाज सत्यापर्यंत पोहोचतो. ती अट काढली तर? १९७९च्या निबंधात या दोघांनी उत्तर दिलं. दर पायरीला सर्वांत संभाव्य अंदाज खरा मानून वागत गेलात, तर अंदाज स्थिरावतो. पण तो खरा असेलच असं नाही. आपण जसे वागतो आहोत तसे वागत राहिलो, तर खऱ्यात आणि त्याच्यात फरक दिसत नाही, एवढीच हमी.

आम्ही तत्त्वज्ञानवाले ‘पुराव्याशी सुसंगत’ हे शब्द फार विश्वासाने वापरतो. इथे पुरावा आपल्याच वागण्यातून जन्मलेला आहे. तो आपल्याशी सुसंगत निघाला, यात नवल काय?

मग सुटका कशी? कमी वाटणारा पर्यायही अधूनमधून अजमावावा लागतो. किती वेळा? १९८५ साली त्झे ल्युंग लाय आणि हर्बर्ट रॉबिन्स यांनी किमान मर्यादा काढली. ती लॉगॅरिदमने वाढते. म्हणजे एकूण प्रयोग एक हजारावरून दहा लाखांवर गेले, तरी ही अजमावणी ढोबळमानाने दुप्पटच होते. किंमत थोडी आहे, पण शून्य कधीच नाही.

आंब्याच्या पेटीपुरतं हे सोपं आहे. औषधाच्या चाचणीत मात्र तो ‘कमी वाटणारा पर्याय’ एका रुग्णाच्या वाट्याला येतो. त्याला विचारल्याशिवाय, समजावल्याशिवाय ही किंमत त्याच्याकडून घेता येत नाही. किती अजमावायचं हे गणित सांगेल. कुणावर, आणि कुणाच्या संमतीने, हे ठरवणं आपल्याकडेच राहतं.